टॅपेटची टिकटिक

बेडकी परत आली ती ट्रॉलीवर उताणी पडून, दोरखंडाने आवळलेली. हॅण्डल मुरगळलेलं, पुढचं मडगार्ड फाटलेलं, मागच्या जाड टायरांच्या खाचांत चिखल वाळून दगड झालेला. लंबू ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार, दोघांनी मिळून ती अंगणात उतरवली. लंबूने सवयीने थट्टा केली.

"कानमास्तर, घ्या. लेक माहेरी आली तुमची."

कोणी हसलं नाही. लंबूच्याही लक्षात आलं आणि तो दोरखंड गुंडाळायला लागला. याच बेडकीखाली चार दिवसांपूर्वी कानमास्तरच्या मुलाचा पाय सापडला होता. घोट्याच्या वर दोन ठिकाणी मोडलेला. आतल्या खोलीत खिडकीजवळच्या खाटेवर तो प्लास्टर घालून पडला होता आणि थट्टा त्यालाही ऐकू गेली होती.

डोंगराच्या उतारावर फळबाग होती. झाडांच्या रांगा इतक्या चढाच्या की ट्रॅक्टर तिथे उलटेच. म्हणून बागेने आठ जुन्या क्वाड घेऊन ठेवल्या होत्या. मोटरसायकलसारखं हॅण्डल, चार फुगीर चाकं, मागे फवारणीची टाकी. चढावर उड्या मारत जातात म्हणून सगळे त्यांना बेडक्या म्हणत. वीस-वीस वर्षांची ती यंत्रं. पार्ट मिळत नाहीत, कंपनी विचारत नाही. त्या आठही बेडक्या जिवंत होत्या त्या कानमास्तरच्या पत्र्याच्या शेडमुळे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, आणि सांगायचं: बेअरिंग. चेन. टॅपेट. तीस वर्षांत चुकला नव्हता, म्हणून तर कानमास्तर.

अपघात झाला तेव्हा मुलगा वरच्या रांगेत फवारत होता. इंजिन बंद पडलं, बेडकी मागे घरंगळली, बांधावरून उलटली. त्याने पडल्यापडल्या सांगितलं, गाडी सेकंड गिअरमध्ये होती, तरी सुटली. मॅनेजर म्हणाला, गिअरमध्ये असलेली गाडी सुटते कशी? आणि त्याने कानमास्तरला बोलावून सगळ्या ड्रायव्हरांसमोर विचारलं.

कानमास्तर म्हणाला, "गिअरमध्ये असती तर हलली नसती. त्या चढावर ब्रेक पुरत नाही, इंजिनच धरून ठेवतं चाकाला. पोराने न्यूट्रल केली असणार. नाहीतर डुलकी लागली असेल."

पोटच्या पोराबद्दल. पोरगा चिखलात पडलेला असताना. दुसरं काय बोलणार होता तो? दोनच आठवड्यांपूर्वी ती बेडकी त्यानेच दुरुस्त करून पाठवली होती. गाडीची चूक म्हटली की दुरुस्तीची चूक, दुरुस्तीची चूक म्हटली की कानमास्तरची.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता असं लिहायची पद्धत आहे. होता. शनिवारी कागद तयार होणार होता. ड्रायव्हरची चूक असं त्यावर आलं की दवाखाना घरचा आणि नोकरी संपली. कानमास्तरची सही साक्षीदार म्हणून. तोवर बेडकी नीट करून द्या, म्हणाला, फवारणी थांबलीय, धुकं आहे, करपा वर चढतोय.

सून दोन वर्षांपासून शेडमध्ये होती. लग्न झालं तेव्हा तिला पाना आणि पकड यातला फरक माहीत नव्हता. आधी नुसती रॉकेलमध्ये पार्ट धुवायची. मग कार्बोरेटर उघडायला लागली, मग ब्रेक. आणि कधीतरी, कोणी न सांगता, तिने आणखी एक काम अंगावर घेतलं होतं. गिऱ्हाईक काही बोललं की ती ते सासऱ्याच्या उजव्या बाजूला उभी राहून परत बोलायची. "म्हणजे थंडीत सुरू होत नाही म्हणता?" असं, गिऱ्हाइकालाच विचारल्यासारखं. गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई चौकस आहे. सासऱ्यालाही तसंच वाटत असावं. निदान तो तसं दाखवायचा.

बुधवारी दोघांनी हॅण्डल सरळ केलं, आत शिरलेलं ऑइल काढून नवं घातलं. तिसऱ्या किकला बेडकी सुरू झाली. आवाज मऊ, एकसारखा.

"बघ," सासरा म्हणाला. त्याची छाती फुगली होती. "आहे काही हिच्यात? काही नाही. गाडीत दोष नव्हताच."

खिडकीतून नवऱ्याचा आवाज आला. "वीस मिनिटं चालू ठेवा म्हणावं. मग बोला."

"काय म्हणतो?"

"चालू ठेवू या म्हणतायत, मामंजी. थोडा वेळ."

अठराव्या मिनिटाला बेडकी खोकली, दोनदा आचके दिले आणि बंद पडली. त्यानंतर कितीही किक मारा, नुसती मऊ लागायची, लोण्यात पाय घातल्यासारखी.

"पेट्रोलमध्ये पाणी," सासरा म्हणाला.

टाकी रिकामी केली, कार्बोरेटर उघडून फुंकला. थंड झाल्यावर सुरू झाली. तापल्यावर मेली. गुरुवारी सासरा म्हणाला, टाकीच्या झाकणाचं भोक बुजलंय, आत हवा जात नाही. झाकण काढून ठेवून चालवली. मेली. मग म्हणाला, करंट. सुनेने तापल्या इंजिनचा प्लग काढून हेडला टेकवला, किक मारली. निळी, जाडजूड ठिणगी. बोट लावलं असतं तर कोपरापर्यंत झटका बसला असता.

"पेट्रोल आहे, करंट आहे," ती म्हणाली. "मग काय राहिलं?"

"जुनं यंत्र आहे. राहू दे जरा. मी जेवून घेतो."

तो आत गेला. ती तिथेच उभी राहिली, तापल्या सायलेन्सरची धग पोटरीला लागत होती. नवरा म्हणाला होता, सेकंडमध्ये होती. अपघातापासून तो एकच वाक्य बोलत होता, आणि खरं सांगायचं तर तिचाही पूर्ण विश्वास बसला नव्हता. दमलेला माणूस आहे, पहाटेपासून गाडीवर असतो, होतं एखाद्या वेळी. हे तिने तोंडाने कधी म्हटलं नाही, पण मनात म्हटलं होतं.

तिने प्लग परत बसवला, बेडकी सेकंड गिअरमध्ये घातली, क्लच सोडला, आणि मागे जाऊन टाकीला खांदा लावला.

बेडकी चालायला लागली.

सायलेन्सरमधून फुस्स, फुस्स असा दमेकऱ्यासारखा श्वास येत होता आणि चाकं फिरत होती. गिअरमध्ये असून. एकट्या बाईच्या खांद्याने. ती कुंपणापर्यंत ढकलत गेली, तिथे थांबली.

स्वयंपाकघराच्या दारातून सासू बघत होती. तिला यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण सुनेचा चेहरा कळत होता.

"काय सापडलं गं?"

"आई, इंजिन तापलं की दाबच धरत नाही. वॉल्व्ह बसत नाहीत नीट. हे खरं बोलत होते."

सासू जवळ आली. पदराला हात पुसत राहिली, कोरडे झाले तरी. "हे बघ, पोराचा पाय महिन्या-दोन महिन्यांत जुळेल. तरणा आहे, दुसरीकडे काम धरेल. पण म्हाताऱ्याचं नाव गेलं ना, तर तो हाय खाऊन मरेल. समजून घे."

"आणि यांचं नाव?"

"त्याला कुठे एवढं नाव आहे अजून," सासू म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्याने चपापून आत गेली.

टॅपेट मोजायचे तर इंजिन थंडगार हवं. शुक्रवारी सकाळी, सासरा शेडमध्ये यायच्या आत, तिने हेडवरची दोन गोल झाकणं उघडली. टूलबॉक्सच्या तळाशी फिलर गेज होता, पातळ-जाड पोलादी पट्ट्यांचा छोटा पंखा. नवऱ्यानेच कधीतरी हौसेने आणलेला. त्यावरून बाप त्याला सगळ्यांसमोर म्हणाला होता, "ज्यांना कान नसतात त्यांना पट्ट्या लागतात." तेव्हापासून तो तळाशीच पडून होता.

टॅपेटचा स्क्रू आणि वॉल्व्हचं टोक यांत केसभर फट लागते. तापल्यावर लोखंड फुगतं, त्याला ती जागा. फट नसेल तर वॉल्व्ह तापल्यावर उघडाच राहतो. तिने मापाची पट्टी घातली. गेली नाही. त्याहून पातळ घातली. गेली नाही. सगळ्यात पातळ, पतंगाच्या कागदासारखी पट्टी होती, ती नुसतीच वाकली. दोन्ही टॅपेट आवळून गच्च केलेले होते.

सासरा आला तेव्हा झाकणं उघडीच होती. त्याने आधी गेजकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"टॅपेट आवळलेत, मामंजी."

"मीच आवळलेत. वाजत होते ते. टिकटिक, टिकटिक. दर वेळी आणतात ती वाजतच येते. आवाज जाईपर्यंत आवळायला लागतात."

"जातो का पण आवाज?"

"काय?"

ती उजव्या बाजूला गेली. "आवळल्यावर जातो का आवाज?"

तो उत्तर द्यायला गेला आणि अडखळला. "कमी होतो," म्हणाला.

तिने वाद घातला नाही. त्याच्यासमोरच लॉकनट ढिले केले, पट्टी घालून फट मोजली, पट्टी किंचित अडखळत सरकली तेव्हा नट कसले. झाकणं लावली, किक मारली. पहिल्याच किकला सुरू. आता इंजिनच्या आवाजावर एक बारीक, स्वच्छ टिकटिक होती, घड्याळासारखी.

"वाजतेय!" सासरा ओरडला. "बघ! हीच ती. आवळ परत."

तिने स्विच बंद केला. इंजिन थांबलं. पत्र्यावरचं दव टपटपत होतं, तेही थांबून थांबून.

"आता?" ती मोठ्याने म्हणाली.

"आता पण तशीच वाजतेय, ऐक ना, टिक..."

तो थांबला. त्याची नजर बंद इंजिनवर होती. मग स्विचवर. मग सुनेच्या हातावर, जो स्विचवरून अजून उचललेला नव्हता. त्याने तळहात डाव्या कानावर दाबला. मग उजव्या. दोन्ही कान दाबून तो उभा राहिला, आणि त्याच्या तोंडावरून कळत होतं की टिकटिक चालूच आहे.

"कधीपासून?" तिने विचारलं.

त्याला ते ऐकू गेलं नाही, कान झाकलेले होते. पण त्याला प्रश्न कळला असावा.

"आठही," तो म्हणाला. "आठही गाड्या आवळल्यात गं मी."

त्या दिवशी तो जेवला नाही. बेडकी तासभर चालवून बघितली, बंद पडली नाही. तापलेल्या इंजिनावर सेकंडमध्ये घालून सुनेने खांदा लावला, मग सासऱ्याने लावला, मग दोघांनी. भिंत ढकलल्यासारखं. जागची हलली नाही. नवरा खिडकीतून सगळं बघत होता. बापाने एकदाही खिडकीकडे बघितलं नाही.

शनिवारी सकाळी ती बेडकी चालवत आणि सासरा मागच्या कॅरिअरवर बसून, दोघं बागेत गेले. ड्रायव्हर टाक्या भरून निघायच्या बेतात होते, सातही बेडक्या धडधडत उभ्या. मॅनेजरने कागद क्लिपबोर्डला लावून आणला होता.

"झाली? छान. इथे सही करा मास्तर, आणि मोकळे व्हा."

कानमास्तरने कागद घेतला, डोळ्यांपासून लांब धरून पुटपुटत पुरता वाचला. मग परत दिला.

"हे चुकीचं लिहिलंय. गाडी गिअरमध्ये होती. टॅपेट मी जास्त आवळले, म्हणून दाब गेला, म्हणून सुटली. पोराची चूक नाही. माझी आहे."

"मास्तर, मुलासाठी बोलताय, कळतंय मला..."

"काय म्हणतात?" त्याने सगळ्यांसमोर, उघडपणे सुनेला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा. "मला ऐकू येत नाही, साहेब. कानात नुसती टिकटिक असते. ती बंद करायला मी तुमच्या गाड्या आवळत बसलो. या सगळ्या तशाच आहेत. चढावर नेऊ नका."

मॅनेजरला आधी राग आला, मग त्याच्या डोक्यात हिशेब फिरलेला डोळ्यांत दिसला. "म्हणजे गाडीचा दोष नाही, तुमच्या दुरुस्तीचा. ठीक. मग बागेचा काही संबंधच उरत नाही. मास्तर, उद्यापासून यायची गरज नाही. आणि तुमच्या मुलाचं तुम्ही बघा." मग ड्रायव्हरांकडे वळून, "चला, निघा रे, धुकं उतरतंय. इतके दिवस चाललात ना याच गाड्यांवर? आजच्या दिवसाने काही होत नाही."

लंबूने चावी फिरवली. आपली बेडकी बंद केली. तो लांब पाय फिरवून खाली उतरला.

"साहेब, माझी पण तीन दिवस झाले तापली की मरतेय. मला वाटलं, माझ्यावर रुसलीय."

"लंबू, नाटकं नकोत."

"नाटक कसलं? तुम्हीच बसा आणि वरच्या रांगेत जाऊन या. आम्ही खाली उभे राहतो, झेलायला."

एकेक इंजिन बंद होत गेलं. सातवं बंद झाल्यावर टाकीच्या नळीतून ठिबकणारं औषध तेवढं ऐकू येत राहिलं. वर, उतारावर, धुकं झाडांच्या शेंड्यांना टेकलं होतं. मॅनेजरने धुक्याकडे बघितलं. करपा काही कागद वाचत नाही.

"किती वेळ लागेल नीट करायला?" त्याने विचारलं. मास्तरला नाही, हवेला.

"नुकत्याच सुरू केल्यात त्या लवकर निवतील, त्या आधी घेते," सून म्हणाली. "तापल्यात त्या निवायला दुपार होईल. संध्याकाळपर्यंत सात."

"करा मग."

"आधी कागद." तिचा आवाज कापत होता आणि तो कापतोय याची तिला चीड येत होती. "गाडी गिअरमध्ये होती, ड्रायव्हरची चूक नव्हती, बागेच्या गाडीवर बागेच्या कामात अपघात झाला. असं लिहा. खाली तुमची सही."

"बाई, तू मला सांगणार?"

"मी नाही. करपा सांगतोय."

मागून कोणीतरी खुसकन हसलं. मॅनेजरने लिहिलं. दोनदा खोडून लिहिलं, दोन्ही वेळा तिने वाचून परत दिलं, तिसऱ्यांदा लंबूने मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा घेतलं. जाता जाता मॅनेजर म्हणाला, "म्हाताऱ्याचा हात लागता कामा नये एकाही गाडीला. समजलं?"

हे वाक्य तिने परत उच्चारलं नाही. पण सासऱ्याने ओठांवरून ओळखलं असावं. तो औषधाच्या रिकाम्या बादलीवर बसला आणि दिवसभर तिथेच बसून होता. ती झाकणं काढून देई, तो फडक्याने पुसून ओळीने मांडी. दहाचा पाना मागितला की दहाचा देई. सातपैकी पाच गच्च आवळलेल्या निघाल्या, उरलेल्या दोघींत फट नुसती नावाला होती. एकीचा वॉल्व्ह जळून कडेला काळा पडला होता. तिने तो काढून त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो बराच वेळ अंगठ्याने चाचपला, कड किती खाल्लीय ते नखाने मोजलं, आणि खिशात घातला.

दिवस कलताना दोघं चालत घरी आले. बेडकी बागेतच राहिली होती. सासू दारात होती. सुनेने कागद नवऱ्याला दिला. त्याने वाचला, घडी घातली, उशीखाली ठेवला. बाप उंबऱ्यातच उभा.

"सांगा ना त्यांना," सून म्हणाली.

"कागदात आहे ना सगळं."

"कागद मॅनेजरचा आहे. तुम्ही सांगा."

कानमास्तर खाटेजवळ गेला. हातांना ऑइल होतं, ते कुठे ठेवावेत त्याला कळेना, मग मागे बांधले, शाळेत उभं केलेल्या पोरासारखे.

"तू सेकंडमध्येच होतास," तो म्हणाला. "माझ्या कानातच बिघाड होता. सगळ्यांसमोर मी तुला... ते खोटं होतं. आज सगळ्यांसमोर सांगितलं मी."

नवरा छताकडे बघत होता. प्लास्टरच्या कडेला मांडी सुजून चकाकत होती. तो बोलला, पण हळू, छतालाच.

बापाने मान पुढे काढली. मग वळून सुनेकडे बघितलं. "काय म्हणाला?"

दोन वर्षं ती हेच काम करत आली होती. गिऱ्हाइकाचा राग गाळून, शिवी गाळून, पिकलेलं फळ पुसून द्यावं तसं वाक्य पुसून या माणसाच्या कानात घालत होती. आत्ताही तिच्या जिभेवर एक बरं वाक्य तयार होतं. दारातून सासूची नजर तेच वाक्य मागत होती.

ती सासऱ्याच्या उजव्या कानाशी वाकली आणि एकही शब्द न गाळता, मोठ्याने म्हणाली:

"ते म्हणाले, पाय मोडला त्याचं काही नाही. पण मी चिखलात पडलो होतो, आणि तुम्ही खाली वाकून आधी गाडी बघितलीत."

कानमास्तर तसाच उभा राहिला. हात मागेच. मग त्याने मान हलवली, एकदाच.

"ऐकलं," तो म्हणाला.